पाकीट लपवलं, तेव्हा काय लपवलं?

भंडाऱ्याहून साकोलीच्या दिशेनं निघालं की वैनगंगेचा पूल ओलांडल्याबरोबर आमचं कारधा लागतं. इथल्या विहाराच्या मागच्या खोलीत आम्ही एक अभ्यासिका चालवतो. पोलीस भरती, तलाठी, रेल्वे, एमपीएससी अशा परीक्षांची तयारी करणारी मुलं-मुली तिथं बसतात. रात्री दहानंतर बरेच जण घरी जातात, बाराएक जण थांबतात. या बारा जणांसाठी साडेदहाला कॉफी होते. ती मीच करतो. सुरुवातीला चहा व्हायचा. एका पोरानं सांगितलं, "दादा, चहानं झोप नाही जात, कॉफी पायजे." तेव्हापासून कॉफी.

आज लिहितो आहे ते याच कॉफीबद्दल. देशात एवढं काही चाललेलं असताना कार्यकर्ता कॉफीवर लेख लिहितो, असं कुणाला वाटेल. वाटू द्या. या कॉफीवरून गेल्या हिवाळ्यात माझ्याकडून एक चूक झाली, आणि ती चूक माझ्या एकट्याची नाही. आपल्या चळवळीतले चांगले चांगले लोक ती रोज करतात आणि तिला समाजसेवा म्हणतात.

अभ्यासिका वर्गणीवर चालते. नोकरीला लागलेले आठ-दहा जण दर महिन्याला जमेल ते देतात. त्यातून विजेचं बिल, वर्तमानपत्रं आणि पुस्तकं भागवायची. हिशेब लिहिताना लक्षात आलं, की फक्त कॉफीच्या पावडरीवर महिन्याला १६८० रुपये जातात. १०० ग्रॅमची बरणी २८० रुपयांना, अशा सहा बरण्या. ब्रँड सगळ्यांच्या ओळखीचा, टीव्हीवर जाहिरात असलेला. दूध-साखर वेगळी.

भंडाऱ्याच्या बाजारात दुकानदारानं एक पाकीट पुढे केलं. नाव कधी ऐकलेलं नाही. १०० ग्रॅम, १७० रुपये. "घेऊन तं पाहा, जाते ही पण," तो म्हणाला. मी मनातल्या मनात गुणाकार केला. सहा पाकिटांमागे ६६० रुपये वाचत होते. घेतलं.

इथपर्यंत काही चूक नाही. चूक यापुढे आहे. घरी येऊन मी जुन्या ब्रँडची रिकामी बरणी धुतली, कोरडी केली आणि नवीन पावडर तिच्यात भरली. रिकामं पाकीट जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याखाली सरकवलं. मला कुणी असं करायला सांगितलं नव्हतं. तेव्हा कुणी विचारलं असतं, 'का करतोस?' तर धड उत्तरही देता आलं नसतं.

चार दिवस कुणाला काही कळलं नाही. रोजच्यासारखी कॉफी झाली, रोजच्यासारखी प्यायली गेली. एकानं तर तिसऱ्या दिवशी "आज फर्मास झाली" असंही म्हटलं. पाचव्या दिवशी मला यायला उशीर झाला. विहाराला लागूनच राहणारी एक मुलगी कॉफी करायला उठली. बरणी उघडली आणि थांबली. जुन्या कॉफीचे दाणे असायचे, ही भुकटी होती. तिनं शोधाशोध केली आणि गठ्ठ्याखालून पाकीट काढलं. मी पोहोचलो तेव्हा ते टेबलावर मधोमध ठेवलेलं होतं.

"म्हणूनच कडू लागत होती," एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, "मले तं पहिल्याच दिवशी शंका आली होती." 'फर्मास झाली' म्हणणारा गप्प होता.

मी बजेटचं सांगायला सुरुवात केली. वर्गणी किती, बिल किती. त्या मुलीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दादा, स्वस्त आहे म्हणून राग नाही. आमाले इचारलं असतं तं आम्ही हो म्हटलं असतं. लपवलं कायले?"

मी ज्या मुलांना दर रविवारी स्वाभिमानावर भाषण देतो, त्यांच्यापैकी एकीनं मला एका वाक्यात गप्प केलं.

त्या रात्री घरी आल्यावर मला माझ्या वडिलांची बरणी आठवली. माझे वडील एका कार्यालयात शिपाई होते. साहेबांच्या टेबलावर कॉफी नेऊन ठेवणं हे त्यांच्या रोजच्या कामातलं एक काम. कॉफीचा वास त्यांना माहीत होता, चव नव्हती. पुढे पगार थोडा बरा झाल्यावर त्यांनी साहेब प्यायचे त्याच ब्रँडची एक बरणी विकत आणली. आमच्या घरात आलेली ती पहिली कॉफी. पण ती आमच्यासाठी नव्हती. बरणी कपाटात वरच्या फळीवर ठेवली जायची. कार्यालयातलं कुणी घरी आलं, शाळेतले गुरुजी आले, तर त्यांच्यासाठी. आम्ही काळा चहा प्यायचो.

पाहुणे यायचे. ओसरीवर बसायचे, गोड बोलायचे. माय आतून विचारायची, "कॉफी ठेवू का?" आणि पाहुणा घाईघाईनं म्हणायचा, "नको नको, आत्ताच घेऊन निघालो."

हे "आत्ताच घेतला" आपल्या किती घरांनी ऐकलं आहे? त्यात शिवी नसते, अपमानाचा शब्द नसतो, आवाजही चढलेला नसतो. तरी घरातलं लहान पोरसुद्धा समजून जातं. पाहुणा गेल्यावर वडील बरणी परत वर ठेवायचे. पावसाळ्यात हवेतला दमटपणा खाऊन कॉफीचा दगड व्हायचा. मग माय तो चमच्यानं फोडायची आणि त्या वर्षी ती कॉफी आम्हाला मिळायची. पुढच्या वर्षी वडील नवी बरणी आणायचे, त्याच ब्रँडची. ब्रँड मोठा असला तर एखाद दिवशी कुणी तरी पिईल, अशी त्यांची आशा असावी.

संविधानाच्या कलम १५ मध्ये दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलं यांत जातीच्या कारणावरून कुणाला अडवता येणार नाही, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. कलम १७ नं अस्पृश्यता संपवली. १९५५ साली आलेल्या अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियमात तर उपाहारगृहात सर्वांसाठी ठेवलेली भांडी वापरू न देणं हाही गुन्हा ठरला. हाच कायदा १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणून ओळखला जातो. कायदा करताना भांड्यापर्यंत विचार करावा लागला, कारण हॉटेलाबाहेर खुंटीला टांगलेली वेगळी कपबशी ही या देशातली वस्तुस्थिती होती. कायद्यानं ती कपबशी हॉटेलातून काढायला लावली. पण आपल्या ओसरीवर येऊन "आत्ताच घेतला" म्हणणाऱ्यावर कोणतं कलम लावणार? तो कुठलाही कायदा मोडत नाही. त्याला प्यायला लावणारी बरणी कोणत्याच कंपनीनं बनवलेली नाही, हे माझ्या वडिलांना कधी पटलं नाही.

आणि मला तरी कुठं पटलं होतं? मी पाकीट लपवलं, कारण माझ्या डोक्यात अजून तीच फळी होती. ओळखीचा ब्रँड म्हणजे इज्जत, बिनओळखीचा म्हणजे कमीपणा. आपल्या पोरांना 'कमी' देतो आहे, अशी माझीच समजूत झाली होती, म्हणून ते 'जास्त'च्या बरणीत भरलं. स्वस्त वस्तू आणण्यात कमीपणा नव्हता. पोरांना वस्तुस्थिती सांगण्याच्या लायकीचं न समजण्यात कमीपणा होता.

दुसऱ्या दिवशी पाकीट आणि जुनी बरणी दोन्ही टेबलावर ठेवली आणि म्हटलं, चला, वाचू. मागच्या बाजूला बारीक अक्षरात काय लिहिलं आहे ते सगळ्यांनी मोठ्यानं वाचा.

जुन्या बरणीवर होतं: कॉफी ७० टक्के, चिकोरी ३० टक्के. नव्या पाकिटावर: कॉफी ५३ टक्के, चिकोरी ४७ टक्के. अर्ध्याहून जास्त जणांना आपण इतके दिवस चिकोरी पितो हेच माहीत नव्हतं, आणि तीही त्या मोठ्या ब्रँडच्या बरणीतून. चिकोरी म्हणजे एका झाडाचं मूळ. ते भाजून दळतात. आपल्या देशात ती मुख्यतः गुजरात आणि उत्तर प्रदेशात पिकते. नेपोलियननं १८०६ साली इंग्लंडच्या व्यापाराची नाकेबंदी केली, तेव्हा कॉफी मिळेनाशी झाली आणि युरोपात चिकोरीचा वापर खूप वाढला. चिकोरीनं रंग गडद येतो, कडवटपणा येतो, घट्टपणा येतो. पण तिच्यात कॅफीन नसतं. म्हणजे झोप घालवायचं काम कॉफी करते, चिकोरी नाही. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांनुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असलीच पाहिजे आणि प्रमाण पाकिटावर छापलंच पाहिजे. नवीन पाकीट नियमात बसणारं होतं, पण अगदी काठावर.

मग दाण्यांचा विषय निघाला. दाणे म्हणजे भारी आणि भुकटी म्हणजे हलकी, असं सगळ्यांना वाटत होतं. खरं तर अशा कॉफीचे दाणे बहुतेक वेळा भुकटीचेच केलेले असतात. बारीक पावडरीला वाफेचा ओलावा देऊन तिचे कण एकमेकांना चिकटवतात आणि पुन्हा वाळवतात. दिसायला छान दिसतं, विरघळतंही पटकन. आत असतं तेच.

आणि नाव? आंध्र प्रदेशात गुंटूर जिल्ह्यात दुग्गिराला इथं सीसीएल प्रॉडक्ट्स नावाच्या कंपनीचा कारखाना आहे. ती कंपनी इतरांच्या ब्रँडसाठी इन्स्टंट कॉफी बनवते आणि अनेक देशांत पाठवते. म्हणजे एकाच कंपनीतून निघालेला माल वेगवेगळ्या नावांनी विकला जातो. माझं पाकीट तिथलंच, असा दावा मी करत नाही. नाव आणि माल या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, एवढंच सांगायचं आहे.

त्यानंतर आम्ही परीक्षा घेतली. परीक्षेची तयारी करणारीच पोरं, त्यांना मजा वाटली. एकाच मापाचे स्टीलचे ग्लास, बुडाला पांढरी आणि लाल पट्टी. दोन्हींत दूध, साखर, पावडर सारखी. करणाऱ्यांनी एका खोलीत केली, पिणाऱ्यांनी दुसऱ्या खोलीत प्यायली. बारा जणांपैकी सात जणांनी जुना ब्रँड बरोबर ओळखला, पाच जणांनी नव्यालाच जुना म्हटलं. "मले पहिल्याच दिवशी शंका आली होती" म्हणणारा या पाचांत होता. खूप हसलो. सात जणांनी सांगितलं की नव्यात जिभेवर कडवटपणा जास्त वेळ राहतो. ते खरंच होतं. ४७ टक्के चिकोरीची ती चव.

आता हिशेब. हा त्या मुलीनंच फळ्यावर मांडला, कारण अंकगणितात ती आमच्यात सगळ्यांत पुढे आहे. १०० ग्रॅमच्या जुन्या बरणीत ७० ग्रॅम कॉफी. नव्या पाकिटातून तेवढीच कॉफी मिळवायची तर साधारण १३२ ग्रॅम पावडर लागेल. तिची किंमत सुमारे २२४ रुपये. दोन्हींतली कॉफी सारख्याच दर्जाची धरली, तर बरणीमागे खरी बचत ११० रुपयांची नाही, ५५ च्या आसपास आहे. महिन्याला ६६० नाही, ३३० रुपये.

म्हणजे मी दोन्ही बाजूंनी चुकलो होतो. 'स्वस्त म्हणजे हलकं' ही समजूत अर्धी चूक, आणि 'स्वस्त म्हणजे तेवढीच बचत' हा माझा गुणाकारही अर्धा चूक. पाकिटाच्या पुढच्या बाजूला नाव असतं, मागच्या बाजूला मजकूर. आपण पुढची बाजू पाहून निर्णय घेतो.

इथं मला जातीबद्दल बोलायचं आहे. चार दिवस कॉफी चांगली लागत होती. पाकीट सापडल्यावर त्याच कॉफीची आठवण कडू झाली. कॉफी बदलली नव्हती, नाव कळलं होतं. नागपूर-पुण्याला खोली शोधणाऱ्या आपल्या पोरांना हे नवीन नाही. घरमालक बोलतो छान, खोली दाखवतो, भाडं ठरतं. मग विचारतो, "पूर्ण नाव काय?" आणि आडनाव कळलं की अचानक त्याचा भाचा राहायला येणार असतो. पाच मिनिटांपूर्वी जो मुलगा सभ्य होता, तो नाव कळल्यावर नकोसा होतो.

कुणी म्हणेल, माणसाची तुलना पावडरीशी करता? तुलना अर्धीच लागू पडते, हे मलाही कळतं. पाकिटावर प्रमाण छापलेलं असतं आणि ते तपासता येतं. ५३ टक्के म्हणजे ५३ टक्के. माणसाच्या आडनावावर त्याच्या बुद्धीचं, कष्टांचं, चारित्र्याचं कोणतंही प्रमाण छापलेलं नसतं. तरी समाज ते लेबल असल्यासारखं वाचतो. पाकिटाचं लेबल न वाचणं हा आळस आहे. माणसावर लेबल वाचणं हा अन्याय आहे. या दोन्हींमागची सवय मात्र एकच: नाव ऐकायचं आणि विचार थांबवायचा.

ही सवय राजकारणातही आपल्याला महागात पडली आहे, आणि त्याचा साक्षीदार आपलाच जिल्हा आहे. १९५४ साली भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. बाबासाहेब उभे होते. संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष, देशाचे पहिले कायदामंत्री. राखीव जागेवर काँग्रेसचे उमेदवार भाऊराव बोरकर निवडून आले आणि बाबासाहेब हरले. दोन उमेदवारांचा मजकूर शेजारी शेजारी ठेवून वाचला असता, तर काय निकाल लागला असता? त्या काळी काँग्रेस हे घराघरात पोहोचलेलं नाव होतं. आज वेगवेगळी नावं आहेत. पाकिटाची मागची बाजू आजही आपण क्वचितच वाचतो.

आणखी एक गोष्ट पाकिटाच्या मागच्या बाजूलाही छापलेली नसते, ती म्हणजे कष्ट कुणाचे. देशातली सुमारे ७० टक्के कॉफी कर्नाटकात पिकते: कोडगू, चिक्कमगळूरू, हासन. कोडगूच्या मळ्यांत येरव, जेनू कुरुबा यांसारख्या आदिवासी समाजांचे लोक पिढ्यान्‌पिढ्या मजुरी करत आले, मालकाच्या मळ्यातल्या चाळवजा 'लाइन' घरांत राहत आले. २०१६ साली तिथं दिड्डळ्ळीत आदिवासींच्या झोपड्या पाडल्या गेल्या, तेव्हा जमिनीसाठी मोठं आंदोलन उभं राहिलं. दुसरीकडे आंध्रातल्या अराकू खोऱ्यात आदिवासी शेतकरी स्वतःच्या कॉफीचे धनी आहेत आणि २०१९ मध्ये त्या कॉफीला भौगोलिक मानांकनही मिळालं. आपल्या विदर्भात चिखलदऱ्यालाही कॉफी होते, हे अभ्यासिकेतल्या दोघांनाच माहीत होतं. स्वस्त ब्रँड घेतला म्हणजे गरिबाचा फायदा आणि महाग घेतला म्हणजे भांडवलदाराचा, इतकं हे सोपं नाही. मजुराला किती मिळतं, हे दोन्ही पाकिटं सांगत नाहीत. तो प्रश्न आपण विचारत राहिला पाहिजे.

आता चळवळीतल्या मित्रांना एक प्रश्न. आपण आपल्याच लोकांसाठी किती निर्णय असे परस्पर घेतो? वस्तीत कार्यक्रम ठरतो, वर्गणी ठरते, वक्ता ठरतो, मुलांनी काय वाचायचं ते ठरतं. हेतू चांगला असतो, माझाही होता. पण हेतू चांगला असला की विचारायची गरज नाही, असं ज्याला वाटतं, तो हळूहळू मालक होतो. उद्या हिशेबाचं पाकीटही तो गठ्ठ्याखाली सरकवतो. लोकशाही फक्त दिल्लीकडे मागायची आणि विहाराच्या मागच्या खोलीत नाही, असं कसं चालेल?

शेवटी काय ठरलं ते सांगतो. मतदान झालं, हात वर करून. नवीनच ब्रँड घ्यायचा, बारापैकी नऊ मतं. पावडर थोडी जास्त घालायची आणि साखर कमी करायची, ही त्यांचीच दुरुस्ती. दोघांनी सांगितलं की त्यांना कॉफी मुळात आवडतच नाही, चहा द्या. इतके दिवस बोलले नव्हते, कारण कुणी विचारलंच नव्हतं. वाचणाऱ्या पैशांतून एक मासिक सुरू करायचं ठरलं. कोणतं, यावर अजून वाद चालू आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जमाखर्च भिंतीवर लागतो. तो आता मी लिहीत नाही, ती मुलगी लिहिते.

पाकीट टेबलावरच असतं, नाव वर करून. जुनी काचेची बरणी मी घरी नेली. तिच्यात माय मोहरी ठेवते. परवा माझा एक जुना सहकारी घरी आला, आपल्या समाजाचा नाही. मायनं सवयीनं आतून विचारलं, "कॉफी ठेवू का?" मी म्हटलं, "ठेव, पण आपली नेहमीचीच." तो म्हणाला, "थोडी कडक करा." प्यायला. कोणत्या ब्रँडची, हे त्यानं विचारलं नाही.

वडील असते, तर त्यांना सांगितलं असतं.

जय भीम.